गरम पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, गिझर बदलावा का?

नका बदलू, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की गार पाणी ठीक आहे, वास फक्त गिझरच्या पाण्याला येतो, सोसायटीत बोअरचं पाणी आहे आणि सुट्टीत घर बंद होतं. मी गिझर दुरुस्तीचंच काम करतो. एवढं सगळं जुळून आलं की बहुतेक वेळा भानगड टाकीतल्या रॉडची आणि पाण्याची असते. नव्या गिझरमध्येही बहुधा तसलाच रॉड असतो, म्हणजे पैसे जायचे आणि वास पुन्हा हजर.

आधी एक खात्री करा. स्टीलच्या तांब्यात गरम पाणी घेऊन गॅलरीत जा आणि तिथे हुंगा. बाहेर वास नसेल तर पाणी निर्दोष, नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालचा पाणी धरून ठेवणारा भाग, कोरडा पडलाय. घर बंद असलं की ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास वर येतो. तांब्यातलं पाणी त्या ट्रॅपमध्येच ओता, विषय संपला.

गॅलरीतही वास आला तर पुढचं वाचा. टाकीला आतून गंज लागू नये म्हणून कॉइलच्या शेजारी मॅग्नेशियमचा एक रॉड बसवलेला असतो, त्याला ॲनोड म्हणतात. तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. बोअरच्या पाण्यात सल्फेट असतं. क्लोरीन नसलेल्या, बरेच दिवस कोमट साचून राहिलेल्या पाण्यात काही जिवाणू वाढतात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. मॅग्नेशियम झिजताना त्यांना आयतं खाद्यच मिळतं. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांपाशी जो गंधकाचा वास येतो, त्याच जातीचा हा. तिथे लोक मुद्दाम अंघोळीला जातात, ही गंमत वेगळी!

वीज वाचवायला थर्मोस्टॅट 45 वर ठेवणाऱ्यांकडे हा त्रास जास्त दिसतो, कारण जिवाणूंना तेवढी ऊब मानवते. 60 च्या वर ते तग धरत नाहीत. तेव्हा थर्मोस्टॅट पूर्ण वाढवा, पाणी तापल्यावर तासभर तसंच राहू द्या, मग गरम पाण्याचे सगळे नळ उघडून टाकी रिकामी होईल इतकं पाणी जाऊ द्या. हे पाणी चटका देतं, मुलांना बाथरूममध्ये येऊ देऊ नका.

तेवढ्यानं वास गेला तर उत्तम. पुन्हा आला तर मेकॅनिकला बोलावून टाकी उघडा. एमसीबी बंद, अँगल कॉक बंद, मग फ्लँज, म्हणजे कॉइल आणि रॉड बसवलेलं झाकण, खोलायचा. तळाशी पांढऱ्या क्षाराचा चुरा साचलेला असतो, कधी कधी मूठभर, आणि जिवाणू त्यातच दडून राहतात. तो काढायला ॲसिड वापरलं तर त्याच दिवशी ब्लीचिंग टाकू देऊ नका, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. रॉड मात्र ॲल्युमिनियम-झिंकचा मागा, मॉडेल नंबर सांगून मागवला की मिळू शकतो. काही जण ‘रॉडच काढून टाकू’ म्हणतात. वास जातो खरा, पण पुढे टाकी गंजून गळायला लागते आणि वॉरंटीही हातची जाते. पुन्हा भरल्यावर गरम नळाला सलग धार येईपर्यंत स्विच लावू नका, कोरडी कॉइल जळते.

हे सगळं साठवणीच्या गिझरचं. कुणाकडे गॅस गिझर असेल आणि तो लावल्यावर कुजका वास येत असेल, तर पाण्याचा विचारच करू नका. सिलिंडरमधल्या गॅसला वास यावा म्हणून इथाइल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, तो गळतीचा वास असू शकतो. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, कुठल्याही विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन करा.

उद्या गार पाण्यालाही वास यायला लागला, किंवा घरातली चांदीची जोडवी-पैंजण भराभर काळी पडू लागली, तर गिझर सोडा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा. टाकी धुऊन क्लोरीन टाकायला लावा आणि बोअरचं पाणी लॅबला द्या. रिपोर्टमध्ये सल्फेट आणि सल्फाइड हे दोन आकडे बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सल्फेट लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत आणि सल्फाइड 0.05 पर्यंतच चालतं.