जुन्या मोटरसायकलचे बुश, स्पेसर, स्क्रू कुठेच मिळत नाहीत. ते बनवून घेता येतात का?

येतात, पण आधी जुना तुकडा जपून ठेवा. झिजलेला असला तरी लेथवाल्याला नमुना तोच. माप मात्र झिजलेल्या भागावरून घेऊ नका. तो ज्या शाफ्टवर किंवा भोकात बसतो, तिथे व्हर्नियर (बारीक माप घेणारा कॅलिपर) लावा. बुश म्हणजे शाफ्टभोवती बसणारी नळी, तिच्यासाठी फॉस्फर ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू) उत्तम.

बेअरिंग तर बनवायचं कामच नाही. कडेवरचा नंबर वाचा. ६२०३ म्हणजे आत १७, बाहेर ४०, रुंदी १२ मिमी, मग गाडी कुठलीही असो.

खरी फसगत आट्यांत होते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत पाव इंची बीएसएफ (ब्रिटिश स्टँडर्ड फाइन) आणि सायकल थ्रेड हे आट्यांचे दोन प्रकार, दोन्हींत इंचाला २६ आटे, पण पहिल्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. चुकीचा बोल्ट दोन फेरे जातो, पुढे जोर लावला की ॲल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेलेच. म्हणून थ्रेड गेज (आटे ओळखायच्या दातेरी पट्ट्या) लावल्याशिवाय पाना उचलू नका.

आणि कळकळीने सांगतो, ब्रेक, ॲक्सल, स्टिअरिंगचे बोल्ट कुठल्याही सळईतून कातून घेऊ नका. चकचकीत ए२-७० स्टेनलेससुद्धा ८.८ ग्रेडच्या पोलादी बोल्टपेक्षा कमी ताण सोसतं (हे आकडे म्हणजे बोल्टच्या ताकदीचे ग्रेड). तिथे ग्रेडचा शिक्का असलेलाच बोल्ट हवा.