"माझा स्वभावच असा आहे, मॅडम"

जळगावात समुपदेशक म्हणून बसून वर्षानुवर्षं हे वाक्य ऐकते. "माझा स्वभावच टेन्शन घेणारा, त्याला काय इलाज?" आणि पाठोपाठ तक्रार असते घरातल्या दुसऱ्या कुणाची तरी, ज्याला म्हणे कशाचंच काही वाटत नाही.

चोपडा तालुक्यातले आप्पा (ओळख बदलली आहे) त्यातलेच. जूनच्या वादळात कापणीवर आलेली केळीची बाग आडवी झाली. आप्पा रात्री दोनला उठून पडलेल्या खोडांचा आकडा वहीत लिहीत. आकडा कालचाच, तरी लिहीत. धाकटा भाऊ मात्र चौकात चहा पीत बसलेला. "मी एकटाच मरतोय," आप्पा म्हणाले.

'काळजी सोडा' असं मी कुणालाच सांगत नाही. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून माणसामाणसांच्या स्वभावातला साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक धरतात. तो माझ्या सांगण्यानं थोडाच जाणार? मी वही मागितली. पंचनाम्याची तारीख, तलाठ्याचा नंबर, फोटो कधी काढले, सगळं टिपलेलं.

"काळजी नसती तर हे केलं असतं?"

आप्पा गप्प. काटेकोर माणसाची काळजी कामाला येते, फक्त काम संपलं तरी ती उठून जात नाही. म्हणून ठरवलं, वही संध्याकाळी अर्धा तासच उघडायची आणि प्रत्येक ओळीपुढे 'उद्या काय करायचं' लिहायचं. करण्यासारखं काही नसेल तर ओळ खोडायची. याचा थोडा फरक पडला. झोप मात्र आली नाही.

चौथ्या भेटीला मी धाकट्याला बोलावलं. "बागेत का जात नाही?" या प्रश्नावर तो बराच वेळ खुर्चीचं रेक्झिन नखानं खरवडत राहिला.

"पडेल घड पाहवत नाहीत. एकेका खोडाला मीच टेकू लावेल होता."

आप्पा त्याच्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "मंग माले का सांगं नही, भाऊ?"

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या पठडीतली. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मी रोज सांगते. पण इतके दिवस मीसुद्धा आप्पांच्या डोक्यातलं वादळच शोधत होते. त्यांना जागवत होतं ते 'माझ्याशिवाय कुणाला पर्वा नाही' हे वाक्य. एक भाऊ आकडे मोजून ताण सोसत होता, दुसरा नजर चुकवून. त्या दिवशी मी फारसं बोलले नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

नुकसानभरपाई यायच्या आधीच आप्पांना झोप लागू लागली.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांचा फोन आला. मागे वारं घोंघावत होतं. "दोघं बांधावर आहोत, मॅडम. भाऊ टेकू तपासतोय, मी मोजतोय."