पासपोर्टची मुदत नेमकी कोणत्या तारखेपासून मोजायची?

प्रश्न : पासपोर्टची मुदत अजून पाच महिने आहे आणि प्रवास जेमतेम दहा दिवसांचा. तरीही अडवले जाऊ शकते का?

होय, आणि बहुतेक वेळा परदेशात पोहोचल्यावर नव्हे, तर निघतानाच चेक-इन काउंटरवर. सिंगापूर, मलेशिया, इंडोनेशिया अशा देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. तुम्ही किती दिवस राहणार, याचा तेथे संबंध नसतो. उलट ब्रिटन आणि जपानमध्ये पासपोर्ट मुक्कामाच्या काळात वैध असला की पुरते. म्हणजे ‘सहा महिने’ हा जगभरचा एकच नियम नव्हे. अपुऱ्या कागदपत्रांच्या प्रवाशाला नेले, तर त्याला परत आणण्याची जबाबदारी आणि अनेक देशांत दंडही विमान कंपनीवर येतो. म्हणून तेथील कर्मचारी बहुधा ‘टिमॅटिक’ या माहितीप्रणालीत नियम पाहूनच बोर्डिंग पास देतात. काउंटरवर विनवण्या करून काही साधत नाही, आणि त्या कर्मचाऱ्याला दोष देणेही योग्य नाही.

प्रश्न : युरोपातील शेंगेन देशांसाठी (म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटासाठी) तीन महिने मुदत पुरते, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

खरे आहे, पण अर्धेच. हे तीन महिने प्रवेशाच्या नव्हे, तर शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या नियोजित दिवसापासून मोजतात. शिवाय प्रवेशाच्या दिवशी पासपोर्ट दहा वर्षांच्या आत दिलेला असावा लागतो, आणि खरी गफलत येथेच होते. समजा, जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने जमेस धरल्यामुळे 12 मार्च 2016 रोजी दिलेल्या पासपोर्टवर 12 नोव्हेंबर 2026 ही अखेरची तारीख छापली आहे. 1 एप्रिल 2026 रोजी जाऊन 20 एप्रिलला परतायचे असेल, तर 20 जुलैपर्यंतच्या मुदतीची अट सहज पूर्ण होते. मात्र पासपोर्ट देऊन दहा वर्षे उलटलेली असल्याने प्रवेश नाकारला जातो. पासपोर्ट उघडल्यावर केवळ अखेरची तारीख न पाहता तो कधी दिला, तीही तारीख पाहावी, हे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : अमेरिकेचा व्हिसा जुन्या, मुदत संपलेल्या पासपोर्टवर आहे. नवा व्हिसा घ्यावा लागेल का?

व्हिसाची मुदत शिल्लक असेल, त्याचे पान खराब झालेले नसेल आणि दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे व एकाच प्रकारचे असतील, तर दोन्ही सोबत नेऊन प्रवास करता येतो. व्हिसाचे पान फाडून नव्या पासपोर्टमध्ये चिकटवण्याचा विचारही करू नये. तसे केल्यास तो व्हिसा बाद होतो. अन्य देशांच्या बाबतीत मात्र हीच सवलत गृहीत न धरता संबंधित दूतावासाकडे चौकशी करावी.

प्रश्न : कोऱ्या पानांचीही अट असते का?

असते. शेंगेन व्हिसासाठी किमान दोन कोरी पाने लागतात. दक्षिण आफ्रिकाही दोन पाने मागते.

प्रश्न : सर्वांचे पासपोर्ट एकाच दिवशी काढले होते, तर मुलांचे वेगळे तपासण्याची गरज आहे का?

अवश्य तपासा. अमेरिका आणि ब्रिटन 16 वर्षांखालील मुलांना पाच वर्षांचाच पासपोर्ट देतात, तर प्रौढांना दहा वर्षांचा. इतरही अनेक देशांत असाच फरक आहे. त्यामुळे आईवडिलांच्या पासपोर्टची निम्मी मुदत उरलेली असताना मुलाचा संपलेला असू शकतो. तिकिटे काढण्याआधी प्रत्येकाचा पासपोर्ट स्वतंत्रपणे उघडून पाहावा, कारण नूतनीकरणाला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.