बोहारणीला टी-शर्ट देण्याआधी

चि. भाचीबाईस,

अनेक आशीर्वाद.

मामा गेल्यावर तू त्याच्यावर लिहिलेली दोन पानं परवा मिळाली आणि लगेच वाचली. उत्तराला दोन दिवस घेतले, कारण वाचून आधी रागच आला. तुझा नव्हे, त्या विशेषणांचा. 'रॉक संगीताचा निस्सीम उपासक', 'हाडाचा रसिक', 'सदाबहार व्यक्तिमत्त्व'. अगं, हे वर्णन नाट्यसंगीत ऐकणाऱ्या कुठल्याही निवृत्त हेडमास्तरांना चिकटवलं तरी खपेल. कुणी 'हेवी मेटल म्हणजे नुसता गोंगाट' म्हणालं की वाद न घालता उठून चपला घालणारा तुझा मामा यात कुठे आहे?

आम्ही मित्रमंडळी पुढच्या महिन्यात जमणार आणि तू हे वाचून दाखवणार, असं ठरलंय. म्हणजे हातात वेळ आहे. तेव्हा माझं ऐक, लिहिणं सध्या थांबव आणि ते कपाट वाचव.

आईशी फोनवर बोललो. तेरावा झाल्यावर आवराआवर सुरू झालीय म्हणे. टी-शर्ट बोहारणीसाठी बाजूला काढलेत, मासिकं रद्दीच्या गठ्ठ्यात गेलीत आणि कॅसेटींचे चार खोके 'कुणाला हवे असतील तर' म्हणून जिन्याखाली ठेवलेत. आईला बोल लावू नकोस. सख्खा भाऊ गेलाय, त्याच्या वस्तू तिला डोळ्यांसमोर नकोशा होणारच. पण खोके आजच्या आज वर घे. पाऊस तोंडावर आलाय, आणि जिन्याखालच्या ओलीत कॅसेटीच्या फितीला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो.

टी-शर्टांपैकी दहा दिलेस तरी चालतील. एक ठेव: आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा काळा, काखेत विरलेला, मागचं चित्र तडकून गेलेलं. तो घालून तुझा मामा उद्यान एक्सप्रेसनं बंगळुरूला गेला होता. 17 मार्च 2007, पॅलेस ग्राउंड्स, मेडनची भारतातली पहिली मैफल. बँकेत काय सांगितलं होतं माहीत आहे? 'जवळच्या नात्यातलं लग्न आहे.' पुढच्या वर्षी 1 फेब्रुवारीला ते मुंबईत आले, त्यांचा जगभरचा दौरा बांद्रा-कुर्ला संकुलातूनच सुरू झाला, आणि बँकेत पुन्हा एक लग्न झालं. बँडचा गायक ब्रूस डिकिन्सन पेशानं वैमानिकही आहे. त्या दौऱ्यात अख्ख्या ताफ्याचं बोइंग 757 तो स्वतः चालवत होता. मामाला या गोष्टीचं गाण्यांइतकंच कौतुक. 'आपल्या कॅशियरनं कधी बँकेचं छप्पर शाकारलंय का?' असं मला विचारायचा. कॅशियर तोच होता.

हे लिही. लग्नाची थाप लिही, छप्पर लिही. 'निस्सीम' हा शब्द मग लागणारच नाही.

रद्दीत गेलेल्या मासिकांत 'रॉक स्ट्रीट जर्नल'चे अंक असतील, ते काढून घे. 1993 मध्ये अलाहाबादेतून अमित सैगल यांनी ते सुरू केलं. अलाहाबादेतून, मुंबईतून नव्हे. याचा मामाला जरा अपमानही वाटायचा. कुठल्या गावात कुठला बँड वाजवतोय हे इंटरनेटच्या आधी आम्हाला कळायचं ते त्यातून. सैगल स्वतः आधी चाहते, मग संपादक. जानेवारी 2012 मध्ये गोव्यात समुद्रात बुडून ते गेले. त्या संध्याकाळी मामाचा फोन आला आणि तो बराच वेळ काहीच बोलला नाही. आयुष्यात कधी भेटला नव्हता त्यांना.

आता कॅसेटींकडे येतो. अमेरिकेतला एक माणूस तुला सांगायचाय. त्याच्या बँडशी मामाचं कधी जमलं नाही ('अर्धा तास नुसतं ट्यूनिंगच करतात रे'), पण या माणसाला तो मानायचा. नाव डिक लॅटव्हाला. ग्रेटफुल डेड या बँडचा चाहता, 1966 पासूनचा. हा बँड तीस वर्षं वाजत राहिला, 1965 ते 1995, दोन हजारांहून जास्त मैफली, आणि एकही दुसरीसारखी नाही. म्हणून चाहते टेपरेकॉर्डर घेऊन जायचे. बँडनं त्यांना हाकललं तर नाहीच, उलट 1984 मध्ये रेकॉर्डिंगवाल्यांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच करून दिली. अट एक: विकायचं नाही. नव्या पोरानं कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा, जुन्यानं भरून परत धाडायच्या.

लॅटव्हाला या देवाणघेवाणीतला पट्टीचा माणूस. नुसता साठेबाज नव्हे. एकेक मैफल ऐकून वहीत टिपणं करायचा. शेवटी बँडनंच आपल्या टेपांच्या कोठाराची किल्ली त्याच्या हाती दिली. 1993 पासून त्याच्या निवडीच्या मैफली 'डिक्स पिक्स' या नावानं निघायला लागल्या. म्हणजे मालिकेला नाव चाहत्याचं! 1999 मध्ये तो छप्पन्नाव्या वर्षी गेला, पण त्याच्या नावाची मालिका पुढेही चालू राहिली आणि 36 भागांवर थांबली. मला त्यातलं काय आवडतं सांगू? वेष्टणावर गिऱ्हाइकाला आधीच बजावलेलं असायचं की टेप जुनी आहे, खोट आहे, पारखून घ्या. दोष झाकलेला नाही. तुझ्या दोन पानांत मामाचा एकही दोष नाही.

आणि कोठारात न पोचलेल्या टेपांचं काय होतं तेही ऐक. बेटी कॅंटर-जॅक्सन ही त्यांची ध्वनिमुद्रक. तिच्या टेपा भाड्याच्या गोदामात होत्या, भाडं थकलं, 1986 मध्ये त्यांचा लिलाव झाला. काही टेपांना बुरशी लागलेली. चाहत्यांनी त्या साफ करून वाचवल्या. कॉर्नेल विद्यापीठातली 8 मे 1977 ची मैफल तिनंच टिपलेली. तिची टेप चाहत्यांत हातोहात फिरली आणि पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ते मुद्रण राष्ट्रीय ठेव्यात घेतलं. तेव्हा जिन्याखालचे खोके वर घे, हे मी उगीच सांगत नाही.

मात्र चारही खोके संगणकात उतरवायला बसू नकोस. तीन खोके तर बाजारातल्या आल्बमांच्या नकला आहेत. कुणा पारशी मित्राच्या घरी एलपी लावून टीडीकेच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटीवर घेतलेल्या. ती गाणी आज कुठेही मिळतात, आणि ती उतरवून लोकांना वाटण्याचा हक्कही आपल्याला नाही. त्या कॅसेटीत मोलाचा आहे तो आतला कागद. प्रत्येकाचा दोन्ही बाजूंनी फोटो घे. बारीक, बँकेच्या लेजरसारखं अक्षर, गाण्यापुढे मिनिटं-सेकंद, आणि कोपऱ्यात लाल शाईनं आकडा. तो आकडा म्हणजे गुण. दहापैकी. दहा कुणालाच नाहीत. एकदा विचारलं तर म्हणाला, 'दहा दिले तर ऐकायचं काय उरलं?'

तू विचारलं होतंस की सगळ्या कॅसेटींच्या मागच्या पात्या तोडलेल्या का. त्याचा दोषी मी. पाती तुटली की त्या कॅसेटीवर नवं काही भरता येत नाही. 1988 मध्ये त्यानं मला एक कॅसेट ऐकायला दिली, आणि मी घाईत तिच्यावर मुलीच्या बारशाची गाणी भरली. सहा महिने बोलला नाही माझ्याशी. मग एका रविवारी आला, ताट वाढून घेतलं, जेवला, आणि पुढे जन्मभर प्रत्येक कॅसेट भरून झाली की आधी स्क्रूड्रायव्हरनं पाती उडवायचा. माझ्याकडे बघत.

चौथा खोका उतरवायचा. बुटाचा आहे तो. त्यात कॉलेजांतल्या आणि रंगभवनातल्या मैफली आहेत, त्यानं स्वतः टिपलेल्या.

रंगभवन तुला माहीत नसणार. धोबीतलावला, सेंट झेवियर्सच्या शेजारी, उघड्यावरचं प्रेक्षागृह. गिरगावातल्या त्याच्या चाळीतून पायी पंधरा मिनिटं. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव सुरू झाला आणि गिटार हातात धरणाऱ्या प्रत्येक पोराला तिथे एकदा तरी उभं राहायचं असायचं. पुढे 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्र ठरले. एका अंगाला कॉलेज आणि हाकेच्या अंतरावर कामा रुग्णालय. मग रंगभवनाचा आवाज गेला. मामा चिडला, पण नियम चूक आहे असं कधी म्हणाला नाही. त्याची आई शेवटी रुग्णालयातच होती ना.

आता काम कसं करायचं ते. कॅसेट लावण्याआधी उजेडात धर. फितीच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत घाल, डेकला लावू नकोस, नाहीतर फीत वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या सगळ्यांना लागेल. फितीमागे पत्र्याच्या पट्टीवर फेल्टचा इवलासा तुकडा असतो, तो गोंद वाळून निसटलेला असला तर आवाज बुडतो. तो पुन्हा बसवता येतो. ढिली फीत नटराज पेन्सिलीनं ताणून घे, मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे. इतकी वर्षं एकावर एक बसलेले थर सुटतात. आवाज मंद, चादरीआडून आल्यासारखा वाटला तर लगेच कॅसेटीला दोष देऊ नकोस. हेडचा कोन जुळत नसतो. डेकच्या हेडजवळचा छोटा स्क्रू केसभर फिरवला की झांजा मोकळ्या होतात. संगणकात 24 बिटवर, म्हणजे जास्त बारकाईनं घे, आणि पहिल्या प्रतीला हात लावू नकोस. खरखर काढायची असेल तर दुसऱ्या प्रतीत काढ. पुण्याच्या आत्याकडे एक प्रत ठेव.

तारीख माहीत नसेल तर 'माहीत नाही' असंच लिही. अंदाजानं साल टाकलंस की दहा वर्षांनी तेच खरं होऊन बसतं.

आता तुला नावडलेल्या कॅसेटीबद्दल. तू लिहितेस, 'रंगभवनची एक अगदीच खराब आहे, बँड ऐकूच येत नाही, टाकून देऊ का?' निळी सोनी, कागदावर फक्त 'रंगभवन', साल नाही, गुण तीन. खरंय, बँड ऐकू येत नाही. टेपरेकॉर्डर जेवणाच्या डब्याच्या पिशवीत होता, पिशवी मामाच्या मांडीवर, आणि मामा सुरुवातीपासून शेवटपर्यंत गातोय. बेसूर. इंग्रजी शब्द अर्धे चुकीचे. सोलो आला की तोंडानं गिटार. अमेरिकेतले ते टेपवाले मैफलभर तोंडातून अक्षर काढायचे नाहीत, शेजाऱ्यालाही गप्प बसवायचे. म्हणून त्यांच्या टेपांत बँड लख्ख ऐकू येतो आणि टिपणारा माणूस कुठेच नसतो. तुझा मामा वाईट टेपवाला होता. तीन गुण त्यानं बँडला दिलेत की स्वतःच्या गळ्याला, हे मी कधी विचारलं नाही.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर एक आवाज वैतागून म्हणतो, 'अरे गप बस ना, रेकॉर्ड होतंय.' तो मी.

रविवारी सकाळी दहाला येतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या आणतो, तू पेन्सिल आणि चांगला दिवा तयार ठेव. डेकचा पट्टा सैल झाला असणार, त्याचाही बघतो. निळी सोनी मी येईपर्यंत लावू नकोस, तिचं फेल्ट मागच्या दिवाळीतच निसटलं होतं आणि आम्ही दोघांनी ते च्युइंगमनं चिकटवलंय. आईला सांग, चहात साखर अर्धाच चमचा.

तुझा,
काका