नुसत्या पॅन नंबरनं काय होणार?

तुमचा प्रश्न वाचला. टेलिग्रामवर ओळख झालेल्या माणसानं भाषांतराचं काम देऊ केलं, 'टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतला जाणारा आयकर) कापावा लागतो' म्हणून पॅनकार्डाचा फोटो मागितला, तुम्ही पाठवला आणि चार दिवस तो गप्प आहे.

अठरा वर्षं लोकांची रिटर्नं भरतोय, म्हणून सविस्तर लिहितो. नुसत्या नंबरावर कुणी फारसं काही करू शकत नाही, हे खरं आहे. पण तुम्ही कार्ड पाठवलंय. त्यावर नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, फोटो आणि सही, सगळं एका जागी असतं. शिवाय डेबिट कार्ड गेलं तर ब्लॉक करून नवं मिळतं, पॅन मात्र जन्मभर तेच. दुसरं काढून ठेवलं तर १०,००० रुपये दंड होऊ शकतो.

मिरजेच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. गृहकर्ज नामंजूर झालं होतं. सिबिल, म्हणजे कर्ज-परतफेडीची नोंद, काढून पाहिलं तर त्यांच्या नावावर ॲपवरची तीन छोटी कर्जं, तिन्ही थकलेली. बाईंनी आयुष्यात कुणाचे पाच रुपये बुडवले नव्हते. खोदून विचारल्यावर आठवलं, दोन वर्षांपूर्वी घरबसल्या कामासाठी पॅन आणि हातात कार्ड धरलेला सेल्फी पाठवला होता. कर्ज देणाऱ्या कंपनीनं त्यावर भागवलं होतं. नाव साफ व्हायला पाच महिने गेले, तोवर पसंत केलेला फ्लॅट हातचा गेला. त्या माझ्यासमोर रडल्या ते मी विसरलेलो नाही. दुसऱ्या एका मुलाच्या पॅनवर परराज्यात जीएसटी नंबर निघाला होता. त्याला ते नोटीस आल्यावर कळलं.

आता आज काय करायचं? जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून शोधायची सोय आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. तुमच्या पॅनवर कुठे नोंदणी झाली असेल तर दिसेल. आयकर पोर्टलवर एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं वार्षिक पत्रक, उघडा. न कमावलेलं उत्पन्न किंवा न केलेला व्यवहार दिसला तर तिथेच 'हे माझं नाही' असं नोंदवता येतं. पोर्टलचा पासवर्ड बदला आणि ई-फायलिंग व्हॉल्ट चालू करा, म्हणजे पासवर्ड कळला तरी आधार ओटीपी किंवा नेटबँकिंगशिवाय कुणाला आत जाता येणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. कुणी किती कर्ज घेतलं आणि फेडलं याची नोंद ठेवून हा रिपोर्ट देणाऱ्या आपल्याकडे चार संस्था आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकदम काढू नका. आज एक, तीन महिन्यांनी दुसरा, असं केलं की वर्षभर लक्ष राहतं. अनोळखी कर्ज दिसलं तर तिथेच हरकत नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळायला हवी. सोबत १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार द्या. तक्रारीची नोंद हातात असली की बँक नीट ऐकून घेते, हा माझा अनुभव.

त्या माणसाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणूनच माणूस फसतो. मोबदल्यातून टीडीएस कापायचा असेल तर पॅन खरंच लागतं, नाही दिलं तर २० टक्के कापतात. पण ते बिलाच्या वेळी, आणि फोटो नव्हे, नंबर. टीडीएस कापणाऱ्याकडे स्वतःचा टॅन, म्हणजे कर कापण्यासाठी आयकर खात्यानं दिलेला नंबर, असतो. पुढच्या वेळी 'तुमचा टॅन सांगा' म्हणा आणि आयकर पोर्टलवर तो कुणाच्या नावावर आहे ते पाहा. खरी कंपनी असेल तर लगेच देते. झेरॉक्स द्यावीच लागली तर छापलेल्या भागावरूनच आडवं लिहा: कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला दिली.

'पॅन २.० डाउनलोड करा' असा मेल आला तर उघडू नका. तसल्या खोट्या मेलांबद्दल सरकारनंच सावध केलं आहे.

चॅट पुसू नका, तक्रारीला लागेल. आणि दोन गोष्टी कळवा: सेल्फी किंवा आधारही पाठवलं होतं का, आणि त्यानंतर एखादा ओटीपी त्याला सांगितलात का? सांगितला असेल तर बाकीचं बाजूला ठेवून आधी बँकेला फोन करा.