अकरा वर्षांचा खंड आणि आजीचं नाव

तुमच्या पत्राचा सारांश असा: आजीचे थोरले भाऊ 1915 चे, आजी भिकाबाई 1926 ची, मध्ये कोणीच नाही. पणजोबा मुंबईला गिरणीत, पणजी सातारा जिल्ह्यातल्या गावी. 'तुझी आजी त्यांची नव्हेच' असं काकू बोलल्या, तेव्हापासून तुम्हाला झोप नाही.

ताई, काकूंचं बोलणं मनातून काढा. खरा धागा आजीच्या नावातच आहे. आधीची मुलं जगली नाहीत की नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून भिका, दगडू, केरू अशी नावं ठेवत. (धोंडू असतं तर मी सावध केलं असतं, अधिक महिन्यात जन्मलेल्यालाही ते नाव ठेवतात.) म्हणजे ती वर्षं रिकामी नसावीत. बाळं आली आणि गेली असावीत.

अंगावरच्या दुधामुळे दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं, अकरा नाही. बाळंतपणानंतरच्या जंतुसंसर्गाने नळ्या बंद झाल्या तर सहसा पुढे मूल होतच नाही, म्हणून तेही इथे बसत नाही. दोन कारणं बसतात. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह (म्हणजे रक्तात आरएच हा घटक नसलेला) आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असला तर पहिलं मूल बहुधा सुखरूप होतं. पुढची काही वेळा पोटातच जातात किंवा जन्मताच कावीळ होऊन दगावतात. यावरचं अँटी-डी इंजेक्शन 1968 पर्यंत नव्हतं. वडिलांकडून निगेटिव्ह जनुक मिळालेलं बाळ मात्र वाचतं. आजीच्या जुन्या हॉस्पिटलच्या कागदांवर रक्तगट शोधा. निगेटिव्ह निघाला तर शक्यता वाढते (सिद्ध होत नाही). पॉझिटिव्ह असेल तर हे कारण जवळपास बाद.

दुसरं कारण गरमी, म्हणजे उपदंश. त्यात क्रम उलटा: आधी गर्भपात, मग मृत बाळ, मग आजारी बाळ, आणि काही वर्षांनी निरोगी मूल. शहरात एकटे राहणाऱ्या पुरुषांकडून तो घरी येई. पणजीचा त्यात काडीचा दोष नाही. शिवाय मलेरिया आणि 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ याच काळातली. त्या तापात गर्भ पडत.

आता कागद. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 च्या, म्हणजे कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज करा. 1914 ते 1927 ची जन्म आणि मृत्यू, दोन्ही पानं मागा. बारशाआधीच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, म्हणून पणजोबांच्या नावाने शोधा. पणजीच्या माहेरच्या गावचंही बुक बघा. बाळंतपणं तिथे होत, आणि बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. मजकूर जुन्या मोडी लिपीत असला तर वाचणारा जाणकार गाठा. गर्भपाताची नोंद कुठेच मिळणार नाही. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली (खरी तारीख माहीत नसली की ती सर्रास लिहीत) तर वर्षावरही विसंबू नका. तो खंड कदाचित अकराचा नसेलच.