दाढ काढण्याआधीचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचावा

वडिलांची दाढ काढायची आहे, हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे गुठळी होऊ नये म्हणून वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे, आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) २.६, प्लेटलेट्स (रक्त थांबवणाऱ्या पेशी) १.३८ लाख, एचबीएवनसी (साखरेची तपासणी) ७.९ हे तिन्ही आकडे रिपोर्टात ठळक छापून आलेत. म्हणून ‘दोन दिवस गोळी बंद ठेवू का?’ असं विचारलंत. स्वतःहून अजिबात ठेवू नका.

लॅब ज्या मर्यादा छापते त्या ही गोळी न घेणाऱ्यांच्या असतात. त्यांचा आयएनआर १ च्या आसपास असतो. या आजारात वॉरफॅरिन देऊन तो मुद्दाम २ ते ३ मध्ये ठेवतात, तेव्हा २.६ म्हणजे गोळी नीट काम करतेय. ४ च्या खाली असेल तर एखाद-दुसरी दाढ सहसा गोळी चालू ठेवूनच काढतात. रक्त थांबवणारा स्पंज, टाके आणि बोळा घट्ट चावून धरणं यावर भागतं. हिरडीतलं रक्त दाबून थांबवता येतं, गोळी सोडल्यामुळे मेंदूत अडकलेल्या गुठळीचं तसं नाही. फक्त रिपोर्ट ताजा हवा: आदल्या २४ तासांतला, आकडा नेहमी स्थिर असेल तर ७२ तासांपर्यंतचा. मधे मेट्रोनिडाझोल सुरू झालं असेल (दातांच्या जंतुसंसर्गावर ते बरेचदा देतात) तर आयएनआर वर जातो. मग पुन्हा तपासायलाच हवा.

प्लेटलेट्स दाढेपुरत्या ठीक आहेत. दातांचे डॉक्टर सावध होतात ते ५० हजारांच्या खाली. तरी पहिल्यांदाच कमी आल्या असतील तर फिजिशियनला दाखवा.

एचबीएवनसी ७.९ ही साखरेची साधारण तीन महिन्यांची सरासरी. जखम जरा सावकाश भरेल, पण त्या दिवशीची साखर यातून कळत नाही. ती बोटातून तपासून घ्या, आणि वडिलांना उपाशी नेऊ नका.

मला खरी काळजी रिपोर्टात न दिसणाऱ्या गोष्टींची वाटते. अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणाऱ्याच्या प्लेटलेट्स मोजायला भरपूर असतात, पण एकमेकींना नीट चिकटत नाहीत. अॅपिक्साबॅनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम आयएनआरवरून धड कळत नाही. त्यामुळे रिपोर्टासोबत सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या.

वेळ सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची मागा, म्हणजे नंतर रक्त आलं तर दवाखाना उघडा सापडेल. दुखलं तर घरात पडलेली आयबुप्रोफेन देऊ नका. वॉरफॅरिनसोबत तिने रक्तस्राव वाढतो. कोणती गोळी द्यायची ते निघतानाच लिहून घ्या.